भोवत्याचं वळण

सोलापूरजवळच्या माळावर ऊन कलायला लागलं, तसे शिकारी पक्षी एकामागून एक उत्तरेकडून येऊ लागले.

"पंख वर उचलून गवतालगत तरंगतोय ना, तो भोवत्या," सुनंदाबाईंनी दुर्बीण न लावताच सांगितलं.

तन्वीरने मान डोलावली. पक्ष्यांसारख्या उडणाऱ्या या यंत्रांची देखभाल त्याच्याकडेच होती. खरे पक्षी कधीच संपले होते. शेवटच्या काही पक्ष्यांच्या पाठीवर ट्रॅकर होते, त्यांत त्यांचं उडणं जसंच्या तसं राहिलं होतं. दर दिवाळीनंतर ही यंत्रं तेच उडणं पुन्हा उडत.

मोकळ्या गवतावर येताच भोवत्या दचकून उजवीकडे वळला आणि पुन्हा आपल्या वाटेला लागला.

"हा बिघाड," तन्वीर म्हणाला. "दरवर्षी इथेच वळतो. आज सरळ करून टाकतो."

"बिघाड नाही तो. तिथे हे बसलेत."

तन्वीरने पाहिलं. गवताशिवाय तिथे काहीच नव्हतं.

"पक्ष्यांच्या वाटेत बसू नका, म्हणून सगळ्यांना दटावायचे. त्या दिवशी गुडघा दुखला आणि यांनीच तिथे बसकण मारली. तेव्हाचा खरा भोवत्या बिचकला. मी केवढी चिडले होते! त्याच थंडीत हे गेले."

तन्वीरने हातातला टॅबलेट बंद केला. जीप समोरच होती, गवतातून सरळ गेलं की आलीच. त्या जागेपाशी तो क्षणभर थांबला, आणि वळसा घालून गेला.