मजल्यामजल्यावर

“आई, चला ना, पिशव्या जड आहेत!” वृंदा जिन्यात वैतागली. घर चौथ्या मजल्यावर, आणि सासूबाईंना प्रत्येक मजल्यावर गप्पांना कुणीतरी लागायचंच. आत्ता दुसऱ्या मजल्यावरच्या कर्णिकबाईंशी लोणच्याबद्दल चाललं होतं.

तेवढ्यात मागे उभ्या वृंदाला सासूबाईंची कठड्यावरची आवळलेली मूठ दिसली. उजवा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला होता. आवाजात मात्र हसू होतं. गुडघ्यातली कळ ओसरली, तशा त्या म्हणाल्या, “बरं, येते हं.”

वृंदाला आता उलगडलं. डॉक्टरांनी ‘थांबत थांबत चढा’ एवढंच सांगितलं होतं. ना कण्हत, ना कुंथत, या बाईनं मजल्यामजल्यावर मैत्रिणी जोडल्या होत्या!

दिवाळीच्या सुमारास इमारतीला लिफ्ट आली. “सुटलात हो आई, आता कुठं थांबायला नको,” म्हणत वृंदानं चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.

सासूबाईंनी हात पुढे करून खालच्या तिन्ही मजल्यांची बटणं दाबली.

“गुडघ्यासाठी थांबायचे, खरंय. पण कर्णिकबाईंच्या नातवाचा ताप उतरला का, ते कोण विचारणार?”