मोडलेले काटे

"तांडेलकाका, यंत्र या शंखाला ओळखत नाही. ते काटे मोजतं, आणि सरकार फक्त यंत्राचं ऐकतं," शंख तपासायला आलेली संशोधक म्हणाली.

खाडीच्या तोंडाशी, चिखलमिश्रित वाळूत एक तरी जिवंत काटेरी शंख सापडला, तरच खाडीवरचा भराव थांबणार होता. हसुराम तांडेलांनी त्यासाठी आठ महिने तळ धुंडाळला. आज तो जाळ्यात अडकून आला. पण जाळं फाटू नये म्हणून, चाळीस वर्षांच्या सवयीने, त्यांच्या हातांनी पकडीने काटे कधी मोडले ते त्यांनाही कळलं नाही.

"नवे येतील की, बाय. ठेवा टाकीत."

"समुद्राचं पाणी आता आंबटलंय, काका. त्यात शंख वाढत नाही, नुसता झिजतो."

तांडेलांनी मांडीवरचं जाळं उलगडून पाहिलं. ते कुठेही फाटलं नव्हतं.