तीन पिढ्यांची नावं

जयवंताकाकूंनी गोठ्याशेजारची खोली आमच्या अंथुर्णे गावातल्या कॉम्प्युटर क्लासला फुकट दिली, तेव्हा कुणी हार घातला नव्हता. छपरावरचे तीन सोलर पॅनल मात्र सर्जेरावतात्यांच्या तीन पिढ्यांचं दान, म्हणून आज मांडव, फेटे, माईक. तात्यांनी ऐटीत बटण दाबलं. कॉम्प्युटर ढिम्म. शिकायला आलेल्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या. मी शिडीनं छपरावर गेलो आणि कपाळावर हात मारला. देवळातल्या पंख्यांवर घालतात तशी प्रत्येक पॅनलवर पांढऱ्या ऑइलपेंटनं भलीमोठी नावं: तात्या, लेक, नातू. ड्रोनच्या फोटोत दिसावीत म्हणून काठोकाठ. "तात्या, ऊन शिरायला जागाच न्हाय!" मी ओरडलो. काकू रंग पुसायला थिनरचा बोळा घेऊन वर आल्या. तात्या कासावीस होऊन माईकवरच म्हणाले, "वहिनी, लेकाचं पुसा, नातवाचं पुसा, माझं तेवढं ऱ्हाऊ द्या!" काकूंनी पदर खोचला आणि तात्यांपासूनच सुरुवात केली.