मीटिंग रूम दोन

एकोणचाळीस फोन तपासून झाले होते. राहिला होता तो ड्रम धुण्याच्या शेडमधला.

बोईसरच्या त्या केमिकल कारखान्यात नवी टेलिफोन यंत्रणा बसली होती. कुठल्याही फोनवरून तीनदा पाच दाबलं की ऑपरेटर सुगंधाच्या टेबलावर भोंगा वाजायचा आणि स्क्रीनवर जागेचं नाव यायचं. स्ट्रेचरवाल्यांनी तिथे धावायचं. जुन्या यंत्रणेतही असंच होतं, फक्त स्क्रीन लहान होती. दुपारी सरकारी तपासणी होती आणि सेफ्टी ऑफिसर हर्षितला त्याआधी अहवालावर सुगंधाची सही हवी होती.

“शेडचं राहू द्या ताई,” तो म्हणाला. “एकोणचाळीस चालले. चाळिसावा काय वेगळा आहे?”

“वेगळा नाही, म्हणूनच बघू. मेहुल गेलाय तिकडे.”

मेहुल फोन बसवणाऱ्या कंपनीचा माणूस होता. सुगंधाचं वाक्य पुरं होतंय तोवर भोंगा वाजला. स्क्रीनवर नाव आलं : मीटिंग रूम दोन.

दोघे स्ट्रेचर घेऊन धावत आले आणि सुगंधाच्या टेबलासमोरच्याच काचेच्या दारातून आत शिरले. आत बारा रिकाम्या खुर्च्या होत्या. एकाने टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

सुगंधाचा हात आपसूक भोंगा बंद करायच्या बटणाकडे गेला आणि वर अधांतरीच थांबला. असाच हात तिने मे महिन्यात नेला होता. मीटिंग रूम दोन. काचेआड परदेशी पाहुणे बसले होते, चहा चालला होता, कोणीतरी हसत होतं. चुकून दाबलं असेल कोणी, म्हणून तिने बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा तर तिने स्क्रीनकडे नीट पाहिलंही नव्हतं.

त्याच दुपारी शेडमध्ये सुका नावाचा ड्रम धुणारा कामगार मेला. ड्रममधल्या वाफेने पडला आणि अर्धा तास तसाच पडून राहिला. त्याची बायको ठमी तिथेच कामाला होती. मी तीन डाव फोन केला, असं ती ज्याला त्याला सांगत राहिली. चौकशीला आलेल्यांनी सुगंधाला विचारलं होतं, शेडमधून फोन आला होता का? नाही, ती म्हणाली होती. तिला खरंच तसं वाटत होतं.

“वाजला ना?” भोंग्यावर आवाज चढवून हर्षित म्हणाला. “झालं तर मग. करा सही.”

मेहुल परत आला. त्याच्यामागून ठमीही आली होती, ओल्या गमबुटांनिशी. तिला आजवर ऑफिसच्या फरशीवर कोणी येऊ दिलं नव्हतं.

“वाजला काय?” तिने विचारलं.

“वाजला, पण नाव चुकीचं आलं,” मेहुल म्हणाला. “मीटिंग रूमला नवा फोन घेतला, तेव्हा जुना उचलून शेडमध्ये लावलेला दिसतोय. यादीत नाव बदललंच नाही कोणी. आम्ही जुनी यादी तशीच चढवली. आता बदलतो, दोन मिनिटं.”

“बदल,” म्हणत हर्षितने हात लांब करून भोंगा बंद केला. “मग परत एक टेस्ट घेऊ. अहवालात तीच जाईल.”

“त्या यादीला हात लावायचा नाही, मेहुल!” सुगंधा इतक्या जोरात ओरडली की स्ट्रेचरवाले दारातच थबकले. “हर्षित, तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून शेडचं राहू द्या म्हणत होतात.”

हर्षित तिच्या अगदी जवळ आला.

“मला मागाहून कळलं. तोवर माणूस गेला होता. आता उकरून काय मिळणार? आणि ताई, भोंगा मी बंद केला नव्हता. तीनदा. विचार करा.”

बावीस वर्षं ती या खुर्चीत बसत होती. तिने अहवाल ओढला आणि सहीच्या जागेच्या वर लिहायला सुरुवात केली. हर्षितने कागदाचं टोक धरलं. तिने पेन उलटं करून त्याच्या बोटांवर हाणलं. तो मागे सरला.

ठमी लिहिणाऱ्या हाताकडे बघत होती.

“काय लिवतेस?”

सुगंधाने शेवटची ओळ पुरी केली.

“वाच,” ठमी म्हणाली. “मोठ्यानं वाच. समद्यांना ऐकू दे.”

सुगंधाने वाचलं. “मे महिन्यात सुका पडला त्या दुपारी शेडमधून तीन वेळा फोन आला. स्क्रीनवर मीटिंग रूम दोन असं नाव आलं. मी आत पाहिलं, उठून चौकशी केली नाही. तिन्ही वेळा भोंगा मी बंद केला. ठमी खरं सांगत होती.”

सुगंधा रडू लागली.

“माफ कर गं, ठमी.”

“रडू नको,” ठमी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. “मी तवा लय रडले, कोनी बगितला नाय. तो कागद घे आन् चल.”

“कुठे?”

“पाड्यावर. माजी सासू रोज बोलते, तू फोन केलाच नाय, माजा पोर तू मारला. तिच्यापुडं वाच.”