सलोख्याचं धोरण

दंगलीत नर्सताईचं घर जळालं, तेव्हापासून ती शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे राहत होती. दोघींचे धर्म वेगळे, चूल एक.

आज पुनर्वसन अधिकारी दोन पोलिसांना घेऊन आले. "ताई, सामान आवरा. नदीपलीकडे तुमच्या लोकांच्या वस्तीत खोली मिळालीय."

"पण मला इथेच राहायचंय."

"सरकारचं धोरण आहे. दोन्ही समाज वेगळे राहिले की भांडणंच होणार नाहीत. आणि सलोखा मेळावा ठेवलाय की आपण, तिथे भेटाल दोघी."

मावशींनी मशीन थांबवलं. "हिला तिच्या लोकांत धाड, असं ते दंगलखोरही दारात येऊन ओरडत होते. मी कात्री घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, पण हिला दिलं नाही."

अधिकारी वरमले. पण टेम्पो खाली उभा होता. पोलिसांनी नर्सताईची पिशवी उचलली.

मावशी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावल्या. "त्या दिवशी फोन करकरून थकलो, तेव्हा तुमच्यातला एकही फिरकला नाही. आणि आज हिला घराबाहेर काढायला दोघं आलात!"