दहा सेकंदांची लाट

कोपरच्या या रेल्वे रुळांलगतच्या घरात ह्यांनी त्र्याऐंशी साली झोपाळा टांगला. तेव्हा तो कुणी बसलं तरच हलायचा. मागच्या वर्षी मी हृदयाच्या दुखण्यातून उठले, त्या दिवसापासून तो रिकामाच हलतो.

"गाड्यांनी घर हादरतं, आई," असं मुलगा म्हणतो. गाड्या काय आत्ता सुरू झाल्या?

झोपाळ्याचा माझ्या हृदयाशी काही संबंध आहे, हा माझा संशय फक्त नात श्रियाने ऐकून घेतला. रविवारी दुपारी तिने पंखा बंद केला, झोपाळ्याला हालचाल मोजणारं एक यंत्र बांधलं आणि नाडी मोजणारं दुसरं माझ्या मनगटाला. तासाभराने तिने लॅपटॉपवर दोन्ही आलेखांतल्या लाटा सुट्या करून दाखवल्या. दर दहा सेकंदांनी येणारी एक लाट दोन्हींत अगदी सारखी होती.

"म्हणजे माझी नाडी त्याला हलवते?"

"उलट आहे गं आजी. आधी त्याचा झोका वाढतो, मग दोन सेकंदांनी तुझ्या नाडीचा वेग. रिमोटवर चालतेस की काय!"

ती हसली.

"थांब, खात्रीच करू," म्हणत ती उठली. मी 'नको' म्हणेपर्यंत तिने दोन्ही हातांनी झोपाळ्याच्या कड्या घट्ट धरल्या.