आईवर गेली

कृत्रिम हात बनवणाऱ्या मास्तरांनी टेबलावर रबरी हात ठेवला आणि आईची कळी खुलली. हात गोरापान होता. नखंसुद्धा गुलाबी.

“बघ तरी, कसा नाजूक आहे. घेऊन टाक.”

लेकीने तो हात उलटा करून पाहिला. स्वयंपाकघरात भडका उडाला तेव्हा तिचा डावा हात मनगटापासून गेला होता. ती घड्याळांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला घड्याळ दाखवायचं ते आपल्या मनगटावर बांधून, अशी तिथली पद्धत. मालकांनी जागा राखून ठेवली होती. आता काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभं राहता यावं आणि कोणी वळून पुन्हा बघू नये, एवढंच तिला हवं होतं.

“हा माझा नाही वाटणार, मास्तर. याहून सावळा नाही का?”

आईने डोळे वटारले. “आयता गोरा मिळतोय तर नाक कशाला मुरडतेस? घरात एक तरी हात उजळ होऊ दे.”

लेकीला हसू फुटलं. आई मात्र हसली नाही, कारण ती मनापासून बोलत होती.

ही मुलगी झाली तेव्हा नणंदेने दुपट्यात डोकावून “नाकीडोळी नीटस आहे हो” म्हटलं होतं, आणि जे म्हटलं नव्हतं ते अख्ख्या खोलीला ऐकू गेलं होतं. मागून कोणीतरी पुटपुटलं, “आईवर गेली.” तेव्हापासून आईने लेकीच्या रंगाचं खरं नाव कधी घेतलं नाही. गव्हाळ म्हणायची, निमगोरी म्हणायची, अगदीच गळ्याशी आलं तर “उन्हाने रापलीय” म्हणायची. ते ऊन त्यांच्या घरात बारा महिने असायचं.

आता तिने लेकीचा उजवा हात ओढून रबरी हाताशेजारी ठेवला. तोही भाजला होता. त्याच्यावर नवी कातडी आली होती, फिकट, गुलाबी ठिपक्याठिपक्यांची.

“जुळतोय की!”

“आई, डॉक्टर म्हणाले ना, हळूहळू मूळ रंगावर येईल.”

“यायलाच हवं असं कुठंय?”

मास्तर खाली मान घालून हसले. त्यांच्यामागे फळीवर रंगाचे डबे होते. लहान डब्यांवर ‘गडद’, ‘विशेष’ असं काहीबाही लिहिलेलं. सगळ्यांत मोठ्या डब्यावर ‘नैसर्गिक’. रबरी हात त्याच डब्यातल्या रंगाचा होता.

“नैसर्गिक म्हणजे कोणाचा?” लेकीने विचारलं.

मास्तर जरा गोंधळले. मग त्यांनी आपला गोरा हात डब्यातल्या रंगाशी नेऊन धरला. रंग तंतोतंत तोच होता.

“पहिला हात केला तेव्हा नमुन्याला दुसरं कोणी नव्हतं. डब्यावर काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं,” ते म्हणाले. “पुढे कोणी विचारलंच नाही. काळीसावळी माणसंसुद्धा हाच मागतात आणि जन्मभर लांब बाह्या घालतात.”

आईने उगाचच आपला पदर सारखा केला.

“तुला हवा तसा रंग कालवून देतो, पोरी. पण समोर नमुना लागेल. तुझ्या या हाताचं काही खरं नाही अजून.”

“आईचा हात बघा ना,” लेक म्हणाली. “मी आईवर गेलेय.”

आईचे हात टेबलावरून निघून पिशवीखाली गेले. हेच शब्द तिने आजवर खाली मान घालून ऐकले होते. लेकीने मात्र ते घरचा पत्ता सांगावा तसे सांगून टाकले होते. आईला भरून आलं आणि त्याचा रागही आला.

“काळे आहेत हो माझे हात,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तो शब्द पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघाला.

“असू देत. इकडे उजेडात या, ताई.”

खिडकीपाशी मास्तरांनी रंग कालवायला घेतला. तपकिरी घातला, पिवळा घातला, किंचित लाल. मग चक्क निळ्याचा थेंब.

“अगं बाई, निळा कशाला?”

“त्या डब्यात पांढराच फार आहे. याला सगळे लागतात.”

“जरा उजळच ठेवा हं. पुढे काळवंडतो म्हणे रंग.”

“आई!”

आईने हात पुढे धरला. मास्तर तिच्या हातावर मागच्या बाजूला एक ठिपका लावत, डोळे बारीक करून बघत, पुसत आणि पुन्हा कालवत. शेवटी एकदा त्यांनी ठिपका लावला आणि काडी खाली ठेवली.

आईने हात डोळ्यांजवळ नेला. उलटसुलट करून पाहिला.

“लावलात कुठे?”

“लावलाय की. तिथेच आहे.”

लेकही वाकून शोधू लागली. मायलेकींना तो ठिपका काही केल्या सापडेना.

उरलेला रंग मास्तरांनी एका डब्यात काढला. हात कुठे खरचटला तर लागला असता. त्यांनी पेन उघडलं. “यावर काय लिहू? गडद?”

लेकीने आईकडे पाहिलं. आता गव्हाळ येणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

“नैसर्गिक लिहा,” आई म्हणाली.

मास्तरांचं पेन थांबलं. “तो आहे ना एक, ताई. मोठा.”

“तो तुमचा,” आई म्हणाली. “त्यावर तुमचं नाव घाला.”